अंगठ्याखालची ओळ

दिनकररावांचं पाकीट हैदराबादेहून येऊन सहा दिवस झाले होते आणि ते अजून फोडलेलं नव्हतं. दत्तरावांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून बटण लावलं होतं. घराची रीतच तशी. नरसिंह जयंती जवळ आली की आलेले महत्त्वाचे कागद राखून ठेवायचे आणि त्या दिवशी पोखर्णीला, देवळासमोरच्या चिंचेखाली, सगळ्यांनी उपाशीपोटी बसून ऐकायचे. नरसिंहापुढं बोललेलं खोटं पचत नाही, असं त्यांच्या आज्याचं म्हणणं होतं. आजा जाऊन तीस वर्षं झाली, रीत राहिली.

पोखर्णीच्या वाटेवर बैलगाडीत बसलेल्या चंद्रभानची नजर त्या बटणावरून हलत नव्हती. परवा दत्तरावांनी सांगून टाकलं होतं, "औंदा कागद तू वाचायचे. तुझा मान." तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता. आज उपास होता म्हणून बरं, कुणी विचारलं नाही.

भीती साधी होती. पाकिटात इंग्रजी असणार आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. उर्दूत तो वर्गात पहिला. पाचवीपासून परभणीला राहून, तिथल्या शाळेत आणि सकाळ-संध्याकाळ मौलवीसाहेबांपाशी त्याची उर्दू घासून लख्ख झाली होती. इंग्रजीचं मात्र सगळं पाठांतर. गाईवरचा निबंध त्याला तोंडपाठ होता. एकदा परीक्षेत घोडा आला, तर त्यानं गाय काढून तिथं घोडा बसवला आणि बाकीचं तसंच उतरवलं. घोडा दूध देतो असं लिहिल्याबद्दल अर्धा तास बाकावर उभा राहिला. घरी यातलं काही कळलं नव्हतं. घरी तो डॉक्टर होणार होता.

"मोठी माय, पाणी दे ना," तो चतुराबाईला म्हणाला.

"उपास हाय, पाण्यानं मोडत न्हाई, पी," चतुराबाईनं तांब्या पुढं केला. आई गेल्यावर आठव्या वर्षापासून ह्या चुलतीनंच, दत्तरावांच्या बायकोनं, त्याला वाढवलं. "पाणी कामून सांडायलास रं?"

"गाडी हलायली."

गाडी तर कधीची थांबली होती.

* * *

चिंचेखाली घोंगडं अंथरलं होतं आणि त्यावर अंबाबाई आधीच येऊन बसली होती. दत्तराव आणि ग्यानबा ह्या दोघा भावांची ही थोरली बहीण सोनपेठला दिलेली. तिची जीभ तिच्या पायांआधी माहेरी पोचायची. ग्यानबा नेहमीप्रमाणं कडेला, घोंगड्याच्या बाहेर, झाडाच्या मुळावर टेकला होता. चंद्रभान त्याचाच मुलगा. पण त्याची बायको कासाबाई वारल्यापासून ग्यानबा आठ-आठ महिने मेंढरांमागं रानात असायचा आणि पोराशी त्याचं बोलणं ‘आला का’ आणि ‘जेवला का’ यापुढं फारसं गेलं नव्हतं.

दत्तरावांनी आपला पटका काढून चंद्रभानच्या डोक्यावर ठेवला. पटका मोठा होता, कानांवर उतरला. कुणी हसलं नाही.

पहिला कागद कचेरीचा होता, गायरानाच्या मोजणीचा, उर्दूत. चंद्रभाननं तो हळूहळू वाचला. दोन ठिकाणी अडखळला, मागं गेला, पुन्हा वाचला, मग मराठीत सांगितलं. ग्यानबानं मान हलवली. चराऊ रान राहणार होतं. दुसरी लग्नाची पत्रिका, ती बाळबोध. मग दत्तरावांनी बटण काढलं.

पाकिटात दिनकररावांची मराठी चिठ्ठी होती आणि तिच्यात घडी केलेलं एक छापील पत्रक. दिनकरराव म्हणजे कासाबाईचा भाऊ, चंद्रभानचा मामा, हैदराबादेत छापखान्यात होता. चंद्रभाननं चिठ्ठी वाचायला घेतली.

"चिरंजीव चंद्रभानास आशीर्वाद. मेडिकल कॉलेजचे माहितीपत्रक पाठवीत आहे. इंग्रजीत आहे, पण तू आता जाणता झालास, सर्वांना वाचून दाखव. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलीस ॲक्शननंतर येथे सर्वच फिरले. डॉक्टरी उर्दूतून शिकविणे बंद झाले. यापुढे सर्व इंग्रजीतून. जी तयारी करायची ती शाळेत आहेस तोवर करावी. मॅट्रिक झाल्यावर पळापळ करून उपयोग नाही."

मग अंबाबाई बोलली.

"मंजी पाच वर्सं पाण्यात?"

"आक्का, थांब जरा."

"कशाला थांबू? गाव तुला नावं ठेवत व्हतं तवा मी थांबले. रझाकार माजले, लोकं पोरं शाळेतून काढायलते, अन् तू आपलं लेकरू मौलवीच्या दारात न्हेऊन बशिवलंस. डागदरी उर्दूत असती मनलास. मंग आता कुठं गेली तुझी डागदरी?"

दत्तरावांचा चेहरा पडला. गावात कुणाचाही कागद आला की तो त्यांच्याकडं यायचा. मोडी असो, बाळबोध असो, दत्तराव वाचतात, ही त्यांची इभ्रत. त्या इभ्रतीच्या जोरावर त्यांनी लोकांचे टोमणे गिळले होते. आता गिळायला जागा उरली नव्हती.

"मी तवाच मनलो व्हतो," ग्यानबा मुळावरूनच म्हणाला. "मेंढरामागं येऊ द्या मनून."

"मेंढरामागं कशाला?" अंबाबाईनं पदर सावरला. "माजे दीर परभणीच्या कचेरीत हायती. जुनं दप्तर सगळं उर्दूत, अन् नव्या सायबाला उर्दूचं अलिफ येत न्हाई. दप्तर मराठीत करायला पोरं पायजेत. उद्या मनलं तर उद्या घेत्यात. सावलीत बसून काम. मी तेच सांगायला आले."

"ते बरं हाय," ग्यानबा म्हणाला.

चतुराबाई नवऱ्याकडं वळली. "आवो, तुमी काय बोलनात? लेकराला डागदर करायचं मनून मी वर्साला दोनदाच तोंड बगितलं त्याचं. ते दप्तर लिहायला?"

"कागद पुरा वाचू द्या," दत्तराव म्हणाले. त्यांचा आवाज दबला होता. "वाच रं, बाळ. त्यात काय काय मागितलंय ते तर कळू दे."

* * *

पत्रकाला चार पानं होती. चंद्रभाननं पहिल्या पानावर नजर टाकली. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द सगळे परके. मधेमधे एखादा कळायचा. स्कूल. सायन्स. इयर. बाकी सगळं रान.

‘मला येत नाही.’ तीन शब्द. जिभेवर आलेही. पण समोर मोठी माय होती, हात जोडून बसलेली. मोठे बा होते, त्यांचा उघडा माथा, पांढरे केस. आत्या होती, ‘बगा, मी मनलं व्हतं’ म्हणायला टपलेली. आणि बा. बा पहिल्यांदाच मुळावरून उठून घोंगड्याच्या काठाशी येऊन बसला होता.

त्यानं पत्रक नीट धरलं, अंगठा कागदावर ठेवला आणि तोंड उघडलं.

"मेडिकल कॉलेजात येणाऱ्या मुलानं अभ्यासात हुशार असावं. प्रकृती चांगली असावी. त्यास सायन्सची गोडी असावी." शब्द येत गेले. "ज्या मुलांचं शिक्षण आजवर उर्दूतून झालं आणि जे सध्या शाळेत आहेत, त्यांना सवलत राहील. त्यांना उर्दूतून शिकविलं जाईल आणि त्यांची परीक्षाही उर्दूत घेतली जाईल. अशा मुलांनी काळजी करू नये."

"काय मनलास?" चतुराबाई पुढं सरकली.

"काळजी करू नये असं लिवलंय, मोठी माय."

चतुराबाईनं देवळाकडं पाहून हात जोडले आणि रडू लागली. अंबाबाई थोडी हिरमुसली, पण वाईट बाई नव्हती ती. "तसं आसंल तर चांगलंच की," म्हणाली. "मंग दिराला नगं मनून सांगते."

आणि ग्यानबा उठला. पटका झटकला. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते आठ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"चार पानं इंग्रजी," तो म्हणाला. "माज्या पोरानं फडाफडा वाचलं. दादा, मानवतचा भुजंग मास्तर आलाय जत्रंत. माज्याकडूनच घोंगडी न्हेतो. मला नेहमी मनतो, ग्यानबा, पोरगं काय शिकतंय तुझं. त्याला आनतो. बगू दे त्याला."

"बा, नगं," चंद्रभान म्हणाला.

"लाजायला काय झालं?" असं म्हणत ग्यानबा गर्दीत शिरलाही.

* * *

सगळ्यांत आधी हलकं वाटलं ते दत्तरावांना. पाच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून नरसिंहाचं नाव घेतलं. मिटल्या डोळ्यांपुढं मात्र पोराचा अंगठा आला.

कचेरीचा कागद वाचताना चंद्रभान दोनदा अडखळला होता. उर्दू त्याला पाण्यासारखी, तरी अडखळला, कारण तो खरंच वाचत होता. खरं वाचणारा अडखळतो. इंग्रजी मात्र एकदाही न थांबता. आणि अंगठा? तो ओळीखाली नव्हता. ओळीवरच दाबून धरलेला होता आणि पानभर वाचून झालं तरी जागचा हलला नव्हता.

असा अंगठा दत्तरावांनी एकदा पाहिला होता. तो त्यांचा स्वतःचा होता.

"चंद्रभान, चल, पाय धुऊन येऊ," ते म्हणाले.

विहिरीच्या पायऱ्यांवर सावली होती. दोघं तिसऱ्या पायरीवर थांबले. दत्तरावांनी पत्रक उघडून त्याच्यापुढं धरलं.

"सवलतीची ओळ कुठली? बोट ठिव."

चंद्रभान पाण्याकडं पाहत राहिला.

"ठिव ना बोट."

"मोठे बा…"

"हाय का न्हाई त्यात?"

"मला म्हाईत न्हाई काय हाय त्यात." पोराचा आवाज फाटला. "मला वाचता येत न्हाई. तुमी सगळे माज्याकडं बगायलते. येत न्हाई मनायचं व्हतं, पण तोंडातून भायेर आलं न्हाई. मारा मला."

दत्तरावांचा हात उठला खरा, पण अर्ध्यातच खाली आला आणि ते पायरीवर बसले. देवाच्या दारात, उपासाच्या दिवशी, घरच्या माणसांपुढं पोर खोटं बोललं होतं. संताप तर आला होता, पण कुणावर संतापायचं ते कळेना. पोराला हे शिकवलं कुणी? कुणी शिकवलं नव्हतं. ‘दत्तराव वाचतात’ ह्या घरात वाढलं होतं, एवढंच.

क्षणभर त्यांना वाटलं, पत्रक पाण्यात सोडावं. हातातून निसटलं म्हणावं. मास्तर येईल, काही दिसणार नाही, बोलेल चार शब्द आणि जाईल. मग महिन्याभरानं सावकाश सांगावं, डॉक्टरी नको, कचेरीच बरी. पोराची अब्रू राहील. त्यांनी हात पाण्यावर धरलासुद्धा.

"तसं करू नगा," वरून आवाज आला.

चतुराबाई वरच्या पायरीवर उभी होती. तांब्या भरायला आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू गप बस. पोराची इज्जत जाईल चारचौघांत."

"जाऊ द्या गेली तर. सोळा वर्साचं हाय, परत येती इज्जत." ती खाली आली आणि नवऱ्याच्या हातातून पत्रक काढून घेतलं. मग जे कधी बोलली नव्हती ते बोलली. "दरसाली हितं येताना तुमी पेटीच्या तळचा एक कागद घेता. बंडीच्या आत ठिवता. अन् तसाच घडीचा घरी आनता. मी इतकी वर्सं अंगाऱ्याचा समजत व्हते. आज ह्या लेकराला इचारताना तुमचं तोंड बगितलं. तो अंगारा न्हाई. काय हाय त्यो?"

दत्तरावांनी बंडीवर हात ठेवला. वरून ग्यानबाची हाक आली, "दादा! मास्तर आले!"

* * *

भुजंग मास्तर हे किडकिडीत, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेले गृहस्थ होते. मानवतच्या शाळेत शास्त्र आणि इंग्रजी शिकवायचे. ग्यानबानं त्यांना घोंगड्यावर मधोमध बसवलं आणि स्वतः त्यांच्याशेजारी, इतका जवळ की मास्तर थोडे सरकले.

"काय रे, डॉक्टर व्हायचंय म्हणे? दाखव पत्रक."

चंद्रभान उभाच होता. त्याचे ओठ हलले. तेवढ्यात दत्तराव पुढं झाले.

"मास्तर, पोरानं मघाशी जे सांगितलं ते ह्यात न्हाई. त्याला इंग्रजी वाचता येत न्हाई. तुमी वाचा."

ग्यानबानं आधी भावाकडं, मग पोराकडं पाहिलं. "न्हाई मंजी? फडाफडा वाचलं की त्यानं."

"बा, मी मनानं सांगितलं," चंद्रभान म्हणाला.

ग्यानबाच्या चेहऱ्यावरचं ते नवं काही मावळलं. तो मास्तरांपासून सरकला आणि पुन्हा मुळावर जाऊन बसला. चंद्रभानला बाकावर उभं राहिल्याचं आठवलं. ते याहून फार सोपं होतं.

मास्तरांना काय झालं ते अर्धंच समजलं असावं, पण ते काही न विचारता वाचू लागले. तेही अडखळले, मागं गेले. "मॅट्रिकनंतर दोन वर्षं इंटर सायन्स करावं लागेल. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी पाहिजे. मार्क निम्म्याच्या वर पाहिजेत. सतरा वर्षं पुरी पाहिजेत. मुलकी सर्टिफिकेट, म्हणजे इथलाच रहिवासी असल्याचा दाखला. शिकवणं, परीक्षा, सगळं इंग्रजीतून." त्यांनी चष्मा वर केला. "सवलत कुणालाच नाही."

"मंग संपलं," अंबाबाई म्हणाली, पण या वेळी हळू.

"कितवी झाली तुझी?"

"नववी. पुढच्या साली मॅट्रिक."

"मॅट्रिक तू उर्दूत होशील, पहिला येशील. पण इंटरला जाऊन बसलास की मास्तर काय बोलतो ते कळणार नाही, अन् पहिल्याच वर्षी परत येशील. असे दोघं आले माझ्या ओळखीत. आता कचेरीतच आहेत." मास्तरांनी पत्रकाची घडी घातली. "एक रस्ता आहे. मान खाली घालून चालायचा. माझ्या शाळेत आठवीत बस."

"आठवीत?" चतुराबाई म्हणाली. "त्याला मिसरूड फुटलंय, मास्तर."

"फुटू द्या. शेजारी तेरा-चौदा वर्षांची पोरं असतील, हसतील. सायन्स अन् वरचं गणित घ्यायचं. शास्त्राचा प्रत्येक शब्द मराठीत समजून इंग्रजीत लिहायचा. बीजापासून माणसाच्या काळजापर्यंत जे शिकवीन त्याचं चित्र स्वतःच्या हातानं काढायचं. अन् रोज एक पान इंग्रजी, मोठ्यानं. मी सुट्टीत मानवतलाच आहे, येत असेल तर उद्यापासून सुरू करू. तरी डॉक्टर होईल असं मी लिहून देत नाही. पुढं बेडूक कापायचा असतो. तिथंच निम्मे पळतात."

"अगं माय! बेडूक?" अंबाबाईनं तोंडाला पदर लावला.

"बेडकाला न्हाई भ्यायचा," मुळावरून ग्यानबा बोलला, कुणाकडंही न पाहता. "मागल्या साली मेंढी अडली व्हती. आत हात घालून पिल्लू त्यानंच फिरिवलं."

कुणी काही बोलायच्या आत अंबाबाईनं पुन्हा घाई केली. "आन् दोन वर्सं खाली बसून इंटरात नापास झालं तर? ना कचेरी ना डागदरी. दत्तू, तू थोरला हायेस. तूच सांग आता. तुझ्याच नादानं हे झालं, कचेरीचं हो मन अन् मोकळा हो."

सगळे दत्तरावांकडं पाहू लागले. सवयच होती.

"मी सांगनार न्हाई," दत्तराव म्हणाले. "सांगायचा हक माजा न्हाई. माज्यापाशी आनिक एक कागद हाय."

त्यांनी बंडीच्या आत हात घातला. कागद पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. चतुराबाईनं तो ओळखला.

"कासाबाईला परभणीच्या दवाखान्यातून आनलं तवा दोन बाटल्या दिल्त्या अन् ही चिठ्ठी. उर्दूतली. घरी आल्यावर तुमी सगळे इचारायलते, काय लिवलंय, काय लिवलंय. ग्यानबा, तू हात जोडून उभा व्हतास. मी चिठ्ठी हातात धरली, अंगठा ठिवला अन् मनलं, मोठ्या बाटलीतलं दोन चमचे पाजा. धाकटी पोटाला लावा. तीन दिस औषध पुरं होऊ द्या." ते थांबले. "मला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. येत न्हाई मनता आलं न्हाई."

देवळाकडून टाळांचा आवाज येत होता. ग्यानबा उठून उभा राहिला होता.

"दुसऱ्या दिशी मी गाडी जुंपली व्हती, दादा," तो म्हणाला.

"व्हय."

"ताप उतरंना मनून. तुमी मनलात, चिठ्ठीत तीन दिस लिवलंय, गाडी सोड."

"व्हय."

"मी सोडली गाडी."

"ह्या पोराला उर्दूला घातलं ते डागदरी उर्दूत व्हती मनून खरं," दत्तराव म्हणाले, "पण ह्या चिठ्ठीपायी बी. माज्या घरात पुन्हा कुनी न वाचता कागद धरू नाई. त्याला वाचता यायला लागलं, मंग मला धीर झाला न्हाई. मौलवीसायबाला बी दाखिवली न्हाई. आज त्यानं अंगठा ठिवला अन् माजाच अंगठा दिसला मला." त्यांनी चिठ्ठी चंद्रभानपुढं धरली. "हे तुला येतं. वाच."

चंद्रभाननं हात मागं घेतला. "बा?"

ग्यानबा एक पाऊल पुढं आला. "वाच," तो म्हणाला.

चंद्रभाननं डोक्यावरचा पटका काढून खाली ठेवला. चिठ्ठी दोन्ही हातांत उघडी धरली, अंगठे कडेला. अक्षर घाईतलं होतं, शाई उडालेली. तो अडखळत वाचू लागला.

"बडी बोतल… पीने की. दो चमचे, सुबह और शाम. छोटी बोतल पेट पर… पेट पर मलने की."

दत्तरावांनी श्वास सोडला. आठ वर्षं त्यांना रात्रंदिवस भीती होती ती बाटल्यांची. अंदाज बरोबर निघाला होता. त्यांचे खांदे सैल पडले.

"अजून हाय," चंद्रभान म्हणाला. खाली एक ओळ होती. ती त्यानं मनात वाचली आणि त्याचा चेहरा बदलला. मघासारखं काही दुसरंच सांगता आलं असतं. इथं मास्तरांनाही उर्दू येत असेल-नसेल. त्यानं बापाकडं पाहिलं आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं.

"दूसरे दिन तक बुखार न उतरे तो मरीज को फौरन दवाखाने लाओ. देर मत करो."

मराठीत सांगायची गरज पडली नाही.

दत्तराव खाली बसले. चतुराबाई त्यांच्याजवळ गेली नाही. तिला जाववलंच नाही. कासाबाईचं डोकं शेवटी तिच्याच मांडीवर होतं. भुजंग मास्तर उठून जायला निघाले, पण ग्यानबानं त्यांच्या हाताला धरलं.

"थांबा, मास्तर. तुमच्या गाडीत जागा हाय का?"

"आहे."

"पोराला न्या. आठवीत बसू द्या. तिथं बी अडला तर सातवीत बशिवा." मग तो चंद्रभानकडं वळला. चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली. ग्यानबाला कुठलंच अक्षर येत नव्हतं. त्यानं ती घडी करून पोराच्या खिशात घातली.

"डागदर झालास तर असे कागद लिवशील. लिवून हातात देऊ नगस. समोरच्याला वाचून दाखिव. मंग त्याच्या तोंडून वदवून घे. त्याबिगर त्याला दारातून जाऊ देऊ नगस. अन् न्हाई झालास डागदर तर न्हाई झालास. पण येत न्हाई ते येत न्हाई मन. तेवडं शीक आधी."

"ग्यानबा…" दत्तराव म्हणाले.

"दादा, आज नगं," ग्यानबा म्हणाला. "आज माज्याशी बोलू नगा."

सूर्य बुडाला, देवळात जन्माची घंटा झाली, गुलाल उडाला. उपास सोडायला चतुराबाईनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. दत्तरावांचं पान चिंचेखाली होतं. ग्यानबानं आपलं पान उचललं आणि बैलांपाशी जाऊन बसला. त्या घरात दोन भावांनी पोखर्णीला वेगळं बसून जेवण्याची ही पहिली वेळ. चतुराबाई मधे उभी राहिली, हातात आमटीचं भांडं, आणि आधी कुणाकडं जावं हे तिला ठरवता येईना. शेवटी ती बैलांकडं गेली.

मास्तरांची गाडी निघाली तेव्हा अजून पुरता अंधार पडला नव्हता. चंद्रभान मागं पाय सोडून बसला होता. एका खिशात आईची चिठ्ठी, हातात मामाचं पत्रक. गाडी रस्त्याला लागली तशी त्यानं पत्रक उघडलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओळीखाली, ओळीवर नाही. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्यावर बोट थांबलं.

त्यानं मागं वळून पाहिलं. चिंचेखाली मोठे बा अजून तसेच बसलेले दिसत होते, पटका शेजारी पडलेला.

"मास्तर," तो म्हणाला, "हा शब्द मला येत न्हाई."